झाडं लावणारे लई, डोंगर राखणारे कुटं?

अक्कांच्या माहेरच्या उसात वाघ मुक्कामाला होता. असं अक्का म्हणतात. भावाच्या आखाड्यावरच्या सालगड्यानं बॅटरी मारली तर डोळे चमकले, आणि सकाळी चिखलात एवढाले पंजे. "एवढाले" सांगताना अक्कांनी कंपाउंडच्या भिंतीवर दोन्ही हात असे पसरले की मी म्हटलं, अक्का, तो हत्ती असेल.

"कर चेष्टा. येडशीला आलाय का न्हाई वाघ? मग तिथून चाकूरला यायला त्याला काय एसटीचा पास लागतो?"

येडशीचं मात्र खरं. डिसेंबर 2024 मध्ये येडशी रामलिंग अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून सुमारे साडेचारशे किलोमीटर चालत आलेला. हे अभयारण्य बावीस-तेवीस चौरस किलोमीटरचं, म्हणजे त्याला एका दमाची फेरी. तेव्हापासून धाराशिव, बार्शी, लातूर या पट्ट्यात ज्याच्या त्याच्या उसात वाघ निघायला लागला. बिबट्या, तरस, गावातलं एखादं दांडगं कुत्रं, सगळ्यांना बढती मिळाली.

तेवढ्यात पलीकडच्या दारातून वहिनी आल्या. वहिनी किनवटच्या. भाऊंची बदली झाली म्हणून लातूरला आल्या, पण मन अजून पैनगंगेच्या काठावर. त्यांनी भिंतीला कोपर टेकलं आणि निकाल दिला, "तो आमच्याकडचाच आहे, ताई. टिपेश्वर म्हणजे पैनगंगा ओलांडली की जरासंच पुढं. तुमच्या लातुरात जंगलच नाही, तर वाघ कुठून पैदा होऊन राहिला?"

झालं. अक्कांनी निवडायला आणलेली मेथी बाजूला ठेवली. "आयुक्तालय नेलाव, आता वाघबी तुमचाच का?"

बाहेरच्या वाचकासाठी सांगते. 2009 मध्ये मराठवाड्यातलं दुसरं महसूल आयुक्तालय नांदेडला करायचं ठरलं आणि लातूरकर रस्त्यावर उतरले. तेव्हापासून दोन्ही गावांची माणसं एका भिंतीला टेकली आणि हा विषय निघाला, की चहा थंड होतो. मी घाईनं वाघ परत आणला.

वहिनींचा टोमणा बोचरा असला तरी खोटा नाही. लातूर जिल्ह्याचं वनाच्छादन एक टक्कासुद्धा भरत नाही, राज्याच्या यादीत आपण तळाला. नांदेडचं जे काही आठ-नऊ टक्के आहे ते बहुतेक किनवट-माहूरच्या जिवावर. तिथं सागवान आहे, मोह आहे, तेंदू आहे, पैनगंगेच्या काठानं अभयारण्य आहे. इथं काय, तर काळी जमीन, सोयाबीन आणि ऊस.

पण मग मला सांगा, वाघ आला कुठून? आकाशातून तर नाही पडला. असाच टिपेश्वरचा आणखी एक वाघ होता, 'वॉकर' नाव पडलं त्याचं. 2019 च्या फेब्रुवारीत डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या लोकांनी त्याच्या गळ्यात पट्टा बांधला आणि त्या जूनपासून साहेब चालायला लागले. तेलंगणातून, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला करत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचले. सगळी चाल मिळून 3,000 किलोमीटर. गळ्यात पट्टा होता म्हणून कळलं, की तो दिवसा नाल्यात, झुडपात पडून राहायचा आणि रात्री चालायचा. ओढ्याचं पात्र, पाझर तलावामागचं बाभळवन, गायरान, डोंगराचा उतार, कपाशीचं रान. शेकडो गावांच्या कडेनं गेला आणि बहुतेक गावांना पत्ताही लागला नाही.

ज्यांना आपण 'जंगल नाही' म्हणतो ते हे सगळे तुकडे आहेत. सातबाऱ्यावर त्यांच्यापुढं 'पोटखराब' लिहिलेलं असतं. दिल्लीहून निघणाऱ्या पडीक जमिनींच्या नकाशातही आपली गवताळ माळरानं पडीकच्या रंगात रंगवलेली असतात. काळवीट तिथं, लांडगा तिथं, खोकड तिथं, टिटवी आणि चंडोल तिथं, धनगराची मेंढरं तिथं, आणि कागद म्हणतो पडीक. पडीक म्हटलं की तिथं काहीही करायला माणूस मोकळा. वन खात्याच्या जमिनीतलं एक झाड पडलं तर निदान पंचनामा तरी होतो. माळाचा पंचनामा कोण करणार?

"आमचं बेट तर पडीक न्हाई ना?" अक्का म्हणाल्या.

अक्कांचं बेट म्हणजे वडवळ नागनाथचं. चाकूर तालुक्यात, परळी-विकाराबाद लोहमार्गावर वडवळ नागनाथ नावाचं स्टेशनच आहे. गावाजवळ तीनेक किलोमीटर लांबीचा, सहा-साडेसहाशे फूट उंचीचा डोंगर. लोक त्याला संजीवनी बेट म्हणतात. हनुमंत द्रोणागिरी घेऊन निघाला तेव्हा त्याचा एक तुकडा इथं पडला, ही कथा. कथा काहीही असो, डोंगरावर औषधी झाडपाला आहे एवढं जिल्हा प्रशासनही मान्य करतं. सप्टेंबरात सूर्य उत्तरा नक्षत्रात आला, की महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण असे तिन्हीकडचे लोक औषधासाठी बेटावर येतात. अक्कांची आजी न चुकता जायची. अक्का परकरात होत्या तेव्हापासून तिच्या मागं.

"आजी मुळी उपटू द्यायची न्हाई. पाला घे म्हणायची, मुळाला हात लावलास तर पुढल्या साली काय घेशील? आता येतेत ते खुरपं घेऊनच. पिशव्या भरून नेतेत. एकदा तर पोतं बघितलं मी."

"आमच्याकडं माहूरला राखी पौर्णिमेच्या परिक्रमेत तेच," वहिनी म्हणाल्या. "जंगलातली पायवाट. लोक भक्तीनं चालतात, वाटेत गावातली माणसं फराळ देतात, सगळं चांगलंच आहे. पण मागं प्लास्टिकचा असा पट्टा राहतो, की पुढल्या वर्षी वाट शोधायला तेच पुरं. सहस्रकुंडला पावसाळ्यात धबधबा बघायला जा, आधी कुरकुऱ्यांच्या पुड्या दिसतात, मग पाणी."

मला विचाराल, तर पुड्या वेचता येतात. वेचायला कॉलेजची पोरं येतात, एनएसएसचं शिबिर होतं, काम भागतं. उपटलेली मुळी आणि खणलेला डोंगर वेचून परत लावता येत नाही. म्हणून माझा राग पिशवीपेक्षा टिपरवर जास्त.

आमच्या गल्लीतून रात्री अकरानंतर मुरमाचे टिपर जातात. कुणाचे ते सगळ्यांना ठाऊक, नाव कुणी घेत नाही. अक्का नुसतं 'ते' म्हणतात. 'ते' गुत्तेदार आहेत, गणपतीला सगळ्यात मोठी पावती त्यांची, गल्लीतल्या बोअरची मोटर जळाली तेव्हा पैसे त्यांनीच दिले. मग मुरमाचं कसं विचारायचं? कागदावर परवानगी असते. इतके ब्रास, एवढी रॉयल्टी, अमुक गट नंबर. परवानगी आणि प्रत्यक्ष खड्डा यांत जे अंतर पडतं, ते मोजायला रात्री अकराला कोण जाणार? तलाठ्यानं जायचं, तर त्याच्याकडं चार गावांचा सज्जा आणि टिपरपुढं उभं राहायला एक मोटारसायकल. वाळू आणि मुरूम अडवायला गेलेल्या तलाठ्यांवर गाड्या घातल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात. आणि गावातल्या प्रत्येक घराच्या पायात कुठल्या ना कुठल्या टेकडीचा मुरूम आहेच. रस्ता पाहिजे, घर पाहिजे, मुरूम लागणारच. फक्त कुठून काढायचा हे एकदा दिवसाउजेडी, गावासमोर ठरवा की. पाझर तलावातला गाळ-मुरूम काढला, तर तलाव खोल होईल. पण टेकडी रस्त्याला लागून, तलाव आत. डिझेल वाचतं ना.

रस्त्यावरून आठवलं. आपल्या दोन्ही जिल्ह्यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग 361, औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जाणारा, चौपदरी झाला. झाला ते बरंच झालं, नांदेडला दवाखान्यात न्यायचं म्हणजे पूर्वी अर्धा जीव रस्त्यातच जायचा. पण जुन्या रस्त्यावर वडा-लिंबाची आणि चिंचेची सावली होती, ती गेली. आणि गंमत बघा, 2024 मध्ये निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वेळी बोरसुरीच्या तुरडाळीला आणि कास्ती कोथिंबिरीलाही. फळाला दिल्लीचं प्रमाणपत्र आणि झाडाला कुऱ्हाड, एकाच जिल्ह्यात.

"सांगलीकडं वाचवलं ना एक वडाचं झाड?" वहिनींनी विचारलं.

वाचवलं. आणि आपला रस्ता ज्या रत्नागिरी-नागपूर महामार्गाचा भाग आहे, त्याच महामार्गावर. मिरजेजवळच्या भोसे गावातला चारशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड 2020 मध्ये रस्त्यात येत होता. गावातली माणसं आणि सांगलीची निसर्गप्रेमी मंडळी झाडाखाली उभी राहिली. तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी नितीन गडकरींना पत्र लिहिलं आणि रस्त्याची आखणी बदलली. म्हणजे रेघ सरकते. सरकवणारी माणसं लागतात. आपल्याकडं कुणी झाडाखाली उभं राहिलं नाही असं मी म्हणणार नाही, पण आखणी बदलावी लागेल इतके जण राहिले नाहीत हे खरं. पुढं 2021 मध्ये झाडांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडाला 'हेरिटेज' मान मिळाला, तोही महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीतल्या. लातूर शहरातल्या पिंपळाला मान, आणि हद्दीबाहेर गेलं की तोच पिंपळ सरपण.

अक्कांना आकड्यांचा कंटाळा. त्या म्हणाल्या, "पण झाडं लावतेत की लोक. लई लावतेत."

लावतात, नाकारत कुणी नाही. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. पाच लाख लिटर पाणी, स्टेशनवर बघ्यांची गर्दी. मांजरा धरण कोरडं ठाक, आणि त्याआधीपासूनच पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी. त्या उन्हाळ्यानं लातूर हललं. नदीपात्र खोल करायला लोकांनी वर्गण्या दिल्या. ग्रीन लातूर वृक्ष टीमची माणसं सकाळी-सकाळी शहरात झाडं लावतात आणि, जास्त महत्त्वाचं, उन्हाळ्यात टँकरनं पाणी घालतात. सरकारनंही 2016 ला दोन कोटी, मग चार, मग तेरा आणि 2019 ला तेहतीस कोटी झाडं असे आकडे चढवत नेले. तेहतीस कोटी देव तसे तेहतीस कोटी झाडं. दोन्ही मोजून घेतलेत कुणी?

बीडजवळ पालवणला सयाजी शिंदे आणि मंडळींनी सह्याद्री देवराई उभी केली. 2020 च्या फेब्रुवारीत तिथं वृक्ष संमेलन भरवलं. आणि त्याच देवराईला वणवा लागला. गवत वाळलं, काडी पडली, वारा होता. लावणं हे एका दिवसाचं काम, राखणं रोजचं. जाळरेषा काढायची, मार्चच्या आत गवत कापून न्यायचं, 'जाळलं की पुढल्या साली चारा चांगला येतो' म्हणणाऱ्याला समजावत बसायचं. हे काम फोटोत येत नाही.

म्हणूनच माझं म्हणणं असं, की जे उभं आहे ते आधी राखा. बेटाच्या उतारावरची एक जुनी बोर, एक हिवर, एक पळस यांना खड्डा नको, टँकर नको, जाळी नको. त्यांना फक्त आपण नको. नवी हजार रोपं जगवण्यापेक्षा हे स्वस्त आहे. आणि माळावर सगळीकडं झाडं लावण्याचा हट्टही नको. गवताळ माळ माळच राहू दे. त्यावर गुलमोहर लावलात, तर काळवीट काय सावलीत बसायला येणार आहे?

मी जरा जोरातच बोलत होते बहुतेक. कारण भांडी घासता घासता कामाच्या मावशी उठून आल्या, हात पदराला पुसत.

"गायरान वाचवा म्हणलालाव ताई, मंजी आमाला उठवा म्हणलालाव का?"

आम्ही तिघी गप्प.

मावशींचा सासरा गायरानावर दोन एकर कसायचा. आता दीर कसतो. ज्वारी आणि तूर, बाकी काही नाही. मराठवाड्यातली किती तरी दलित घरं याच भाकरीवर उभी राहिली. दादासाहेब गायकवाडांनी 1959 ला आणि 1964 ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच जमिनीसाठी. 1991 मध्ये शासनानं निर्णय काढला, की 14 एप्रिल 1990 पर्यंत भूमिहीनांनी कसायला घेतलेली गायरानं त्यांच्या नावे करावीत. तारीख आंबेडकर जयंतीची. निर्णय निघाला, पण सातबाऱ्यावर नाव चढायला किती घरांच्या दोन पिढ्या गेल्या. मग 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात राज्यातल्या सव्वादोन लाख अतिक्रमणांचा आकडा आला, आणि मावशींच्या दिराच्या वस्तीत नोटिसा आल्या. ज्या पुढाऱ्याची शाळा, गोदाम, पेट्रोलपंप गायरानात, त्याच्याकडं वकील. मावशींच्या दिराकडं ज्वारी.

तेव्हा हा हिशेब आधीच नीट करून घ्यायला पाहिजे. पोटासाठी कसलेले दोन एकर आणि टिपर लावून पोखरलेली टेकडी एका यादीत घालणारी पर्यावरणाची चळवळ गावात टिकणार नाही, आणि टिकूही नये. सोलापूरकडं माळढोकासाठी 1979 मध्ये 8,496 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावंच्या गावं, शेतं, बाजार, सगळं आलं. जमीन विकता येईना, घर बांधता येईना, लोक त्या पक्ष्याचा राग करायला लागले. शेवटी ते 1,222 पर्यंत खाली आणलं. तोवर माळढोक हाताच्या बोटांवर. वरून रेघ मारली की असं होतं.

"आता सोलरवाले आलेत आमच्याकडं," मावशी म्हणाल्या. "सरपंच म्हणतेत, पडीक हाय, देऊन टाका."

सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी आणि गायरान जमिनी मागितल्या जातात. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणार असेल, तर माझा विरोध नाही. पण कोणतं गायरान, तिथं आत्ता कुणाची शेरडं चरतात, कुणाची पायवाट जाते, ओढा कुठून येतो, हे ठरावाआधी गावानं बोलायला नको? ठराव झाला आणि कुंपण पडलं, की धनगराची वाट गेली. शेळ्या मग दुसऱ्याच्या वावरात शिरतात आणि भांडण पोलीस ठाण्यात.

वहिनी इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं गोंड-कोलामांच्या गावांना वनहक्क कायद्यात सामूहिक दावे तरी करता येतात. गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं 2009 मध्ये मिळवलं, जंगल त्यांच्या ग्रामसभेच्या ताब्यात. तुमच्या बेटाला काय आहे?"

बेटाला आणि माळाला जैवविविधता कायदा आहे, 2002 चा. त्यात प्रत्येक ग्रामपंचायतीनं जैवविविधता समिती करायची आणि गावातल्या झाडापाल्याची, जित्राबांची, त्यांच्या वापराची लोकनोंदवही ठेवायची. वर्षानुवर्षं कुणी काही केलं नाही. मग राष्ट्रीय हरित लवादानं 31 जानेवारी 2020 ची मुदत दिली आणि पुढं राज्याला महिन्याला दहा लाख दंड सांगितला. देशभर एकदम वह्या भरल्या. कशा भरल्या असतील, त्यासाठी शाळेतल्या गुरुजींवर लादलेली जनगणना आठवा. सोलापूरच्या वहीत कोकणातली झाडं सापडली म्हणाल, तर मला नवल वाटणार नाही. पण चुकीची का होईना, ती वही सरकारी कागद आहे आणि ती दुरुस्त करण्याचा हक्क गावाचा आहे. त्यात अक्कांच्या आजीची औषधं लिहिता येतात. धनगराची वाट लिहिता येते. कुठल्या उतारावर तरस आहे, कुठल्या ओढ्याला मोर उतरतो, हे लिहिता येतं. याच कायद्याच्या कलम 37 खाली एखादी जागा वारसास्थळ म्हणून जाहीर करण्याची मागणीही ग्रामपंचायतीला करता येते. 'पोटखराब'च्या शेजारी गावानं लिहिलेलं दुसरं पान असलं, की मुरमाचा अर्ज येतो तेव्हा तहसीलदारापुढं ठेवायला काहीतरी हातात असतं. नाहीतर हातात नुसता राग.

"लिहायला कोण जाणार? आमचा भाऊ तर सरपंचाच्या पार्टीचा," अक्का म्हणाल्या.

मावशी म्हणाल्या, "मी सांगते, लिहून घ्या. बेटावरचा पाला मला अक्कांपेक्षा जास्त ठावं हाय." आणि भांड्यांकडं परत गेल्या.

तुमचं गाव लातूरकडचं असो की नांदेडकडचं, येत्या ग्रामसभेला जा. एक मे, पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर, सव्वीस जानेवारी, कुठलीही चालेल. तिथं उठून एवढंच विचारा, गावाची जैवविविधता नोंदवही कुठं आहे? ग्रामसेवक म्हणतील, कपाटात. कपाटाची किल्ली मागवा, वही सगळ्यांसमोर उघडायला लावा, आणि वाचून दाखवायला सांगताना मेंढरामागं फिरणाऱ्या माणसाला आणि गायरान कसणाऱ्या बाईला पुढच्या रांगेत बसवा.